मळ्यात राहिलेले घड

देवळाली कॅम्पातून लॅम रोडनं नाशिकरोडला जायला फार वेळ लागत नाही. बिटको चौक ओलांडून जेल रोडकडे वळलं की नोटा छापणाऱ्या कारखान्याच्या उंच भिंती दिसू लागतात. नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस 1925 मध्ये सुरू झाली आणि नोटांचा छापखाना 1928 मध्ये. या दोन्ही ठिकाणच्या पगारावर आमच्या भागातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. आत काम करणाऱ्याच्या हाताखालून दिवसभरात जेवढा पैसा जातो, तेवढा तुमच्याआमच्या सात पिढ्यांना दिसायचा नाही. संध्याकाळी तो माणूस झडती देऊन रिकाम्या हातानं बाहेर पडतो आणि घरी शांत झोपतो. त्या ढिगातलं आपलं काही नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट कॅम्पातलीच. इथले कित्येक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीचे आहेत. भिंती, कौलं, व्हरांडा राहणाऱ्याच्या मालकीचा, पण खालची जमीन सरकारची. सरकारला गरज पडली तर बांधकामाचा मोबदला देऊन जमीन परत घेता येते. तीन पिढ्या तिथे नांदल्या, आजोबांनी लावलेला आंबा छपराच्या वर गेला, तरी कागदावर जमीन आपली नाही. बायबलमधल्या लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांना हेच समजावून सांगतो: जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे आणि तुम्ही तिच्यावर राहणारे उपरे आहात. ही शिकवण मैदानी गावातल्या जमीनदाराला जड जाईल. कॅम्पातल्या माणसाला ती समजावी लागत नाही, तो तसाच जगतो.

मी काही वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीचा हिशेब लिहिला आणि रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं. त्यामुळे पैशाबद्दल बोलायला माणसं माझ्याकडे येतात. कर्जबाजारी येतात, तसे खाऊनपिऊन सुखी असलेलेही येतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचं बोलणं मला जास्त चिंतेत टाकतं. ते म्हणतात, सगळं आहे, पण मन भरत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि तो लिहिणारा त्याच दुखण्यातून गेलेला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. आपल्या मराठीत ‘लोभ’ हा शब्द दोन तोंडांचा आहे. लोभी माणूस म्हटलं की आपण नाक मुरडतो. आणि पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं तितक्याच सहजपणे लिहितो. दोन्हीकडे ओढ तीच, जिवाची. माणसाकडे वळली तर माया होते, वस्तूकडे वळली तर हाव. म्हणून लोभ मारून टाका, असा उपदेश मला कधी पटला नाही. मारलेली ओढ माणसाला कोरडं करून जाते. ओढीचं तोंड वळवायचं असतं, आणि हे काम आपण एकट्याच्या जोरावर करू शकत नाही, हे ख्रिस्ती विश्वासाचं मूळ सांगणं आहे. नव्या करारात लोभासाठी ‘प्लिओनेक्सिया’ हा ग्रीक शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ ‘आणखी असणं’. पौल कलस्सैकरांना लिहिताना या ‘आणखी’ला मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवतो. ज्याच्या भरवशावर आपण रात्री झोपतो तो आपला देव, असा त्याचा रोख आहे. बँकेच्या पासबुकाकडे पाहून ज्याची छाती शांत होते, त्यानं ते पत्र एकदा सावकाश वाचावं.

लोभाच्या तळाशी बहुतेक वेळा भीती असते. म्हातारपणी कोण बघेल, मुलीच्या लग्नात काय होईल, आजारपण आलं तर? ही भीती खोटी नाही. ज्यानं गरिबी पाहिली आहे त्याला तिच्यावरून टोचून बोलू नये. पण भीतीला आकडा नसतो. तिला पाच लाख दिले तर ती दहा मागते. म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं आहे. तुमच्या घराला ‘पुरे’ म्हणजे किती, तो आकडा लिहून काढा. किराणा, शिक्षण, औषधपाणी, घरभाडं किंवा हप्ता, म्हाताऱ्या आईवडिलांचा खर्च, सहा महिन्यांची शिल्लक. सगळं धरा, कंजुषी करू नका. मात्र बेरजेखाली रेघ मारा. ती रेघ मारताना पेन थबकतं, हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे. वाळवंटात मान्ना गोळा करणाऱ्यांना रोजच्यापुरतंच उचलायला सांगितलं होतं. ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवलं, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. निर्गमातली ही कथा लहान मुलांना फार आवडते, मोठी माणसं ती घाईघाईनं ओलांडतात.

लोभ माणसाचं काय करतो, याचं सगळ्यात खरं चित्र मला नाबोथाच्या द्राक्षमळ्यात सापडतं. राजांच्या पहिल्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात ते आहे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ही कथा फार जवळची वाटावी. अहाब राजा. त्याला कशाची कमी? पण राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा आहे आणि राजाला तिथे भाजीचा मळा करायचा आहे. तो वाजवी किंमत देऊ करतो, बदल्यात दुसरा चांगला मळाही देऊ करतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. आणि राजा घरी येऊन पलंगावर आडवा होतो, तोंड फिरवतो, जेवत नाही. एका भाजीच्या वाफ्यासाठी! पुढे खोटे साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथ दगडांखाली मरतो. हा खून राणी ईजबेलीनं घडवला खरा, पण त्याची सुरुवात त्या न खाल्लेल्या ताटापासून झाली. तुमच्या घरात कुणी एखाद्या प्लॉटसाठी, बांधासाठी, दुकानाच्या गाळ्यासाठी जेवण टाकत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर तो क्षण हलका समजू नका. इलाज तिथेच करायचा असतो. साक्षीदार उभे राहिल्यावर फार उशीर झालेला असतो.

आणि हा इलाज दानापासून सुरू होत नाही. इथेच आपल्या बहुतेकांची गल्लत होते. मनाला टोचणी लागली की आपण नाताळात चार ब्लँकेटं वाटतो, अनाथाश्रमात एक जेवण देतो आणि मोकळे होतो. जक्कयाचा क्रम वेगळा होता. यरीहोतला हा श्रीमंत जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला आणि जक्कय उठून उभा राहिला. अर्धी संपत्ती गरिबांना, आणि ज्याला फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत, असं त्यानं जाहीर केलं. त्यातलं परत करणं आपण विसरतो, गरिबांना देणं तेवढं लक्षात ठेवतो. दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलेलं जोवर परत जात नाही, तोवर आपलं दान म्हणजे त्याच्याच पैशानं केलेली पुण्याई.

हे मी शिकलो ते रविवारच्या शाळेत. जक्कयाचीच गोष्ट सांगत होतो. एका मुलानं विचारलं, “सर, चौपट म्हणजे किती?” मी फळ्यावर एक आकडा मांडला, त्याला चारनं गुणलं, आणि खडू तसाच हातात राहिला. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून भगूरच्या रस्त्याला थोडी जागा घेतली होती. ते मृत्युपत्र न करता गेले. आम्ही दोघे भाऊ आणि मनमाडला दिलेली ताई. ताईनं हक्कसोड पत्रावर सही केली, माहेर तुटू नये म्हणून. तिला कुणी दटावलं नव्हतं, पण कुणी ‘तुझा हिस्सा किती होतो’ हेही सांगितलं नव्हतं. सांगणारा मी होतो, कारण कागदपत्रं मी पाहत होतो. पुढे जागेला भाव आला, माझा तुकडा मी विकला आणि त्या पैशाचा दशांश मोठ्या अभिमानानं मंडळीत दिला.

कायदा काय म्हणतो, ते तेव्हाही मला माहीत होतं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा आहे आणि आपल्या राज्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो लागू होतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला, मागे पत्नी आणि मुलं असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा आणि मुलगी यांत कायदा फरक करत नाही. फरक आपण करतो, ‘ताईला काय कमी आहे’ असं म्हणून. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस गर्दीतून ओरडून येशूला सांगतो की, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांग. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि त्या कोठारं वाढवणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याची कथा सांगतो, ज्याचा त्याच रात्री जीव मागितला जाणार असतो. लोभावरची येशूची एवढी मोठी शिकवण वाटणीच्या भांडणातून निघाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आपल्याकडे लोभ प्रथम दिसतो तो सातबाऱ्यावरच.

तेव्हा तुम्हीही एक संध्याकाळ काढून यादी करा. बहिणीचा हिस्सा. मित्राकडून घेतलेली आणि त्यानं संकोचानं न मागितलेली रक्कम. दुकानात चुकून कमी लावलेलं आणि आपण गप्प बसून घेतलेलं. कामवाल्या मावशींच्या कापलेल्या खाड्यांचे पैसे. मजुराची राहिलेली मजुरी. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, असं म्हटलं आहे. पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीच्या बागांत छाटणीला, विरळणीला, तोडणीला जी कुटुंबं येतात, त्यांचा हिशेब हंगाम संपताच, पूर्ण आणि त्यांच्या देखत व्हायला हवा. उचल वळती करताना वहीतला प्रत्येक आकडा त्यांना वाचून दाखवा. चौपट द्यायची ऐपत नसेल तर मूळ रक्कम द्या. एकदम जमत नसेल तर हप्त्यानं द्या, पण त्या माणसाला भेटून, तोंडानं सांगून द्या. गुपचूप खात्यात टाकलेले पैसे कर्ज फेडतात, नातं जोडत नाहीत.

मी चेक घेऊन मनमाडला गेलो. ताईनं तो हातात घेतला, आकडा वाचला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घरी विचारून आणलास ना?”

विचारलं होतं. दोन महिने विचारत होतो. सुरुवातीला घरात रडारड झाली, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा विषय निघाला, मग हळूहळू आकडे समोर मांडले गेले आणि शेवटी पत्नीनंच तारीख ठरवली. ताईच्या प्रश्नात जो शहाणपणा होता, त्याबद्दल थोडं विस्तारानं लिहिलं पाहिजे. औदार्याच्या गोष्टी सांगताना आपण घरातल्या दुसऱ्या माणसाला विसरतो.

नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला, आणि 1936 मध्ये नाशिकलाच त्या गेल्या. रेव्हरंड ना. वा. टिळक हे त्यांचे पती. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. मराठी मंडळ्यांत टिळकांची भजनं ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. या माणसाच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा मोकळा. घरात काय आहे, उद्या काय शिजेल, याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे. शेवटच्या काळात त्यांनी मिशनच्या नोकरीचा आधारही सोडला आणि संन्यस्त वृत्तीनं राहू लागले. त्यांच्या निर्लोभीपणाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना माझं लक्ष वारंवार लक्ष्मीबाईंकडे जातं. रिकाम्या डब्यासमोर उभं राहून संसार त्यांनी ओढला, अनाथ मुलांना पोटाशी धरलं, आणि हे सगळं त्यांनी प्रसन्न मनानं लिहून ठेवलं. टिळक देत होते ते खिशातून. लक्ष्मीबाई देत होत्या ती झोप, ताकद आणि ताटातला घास. दोघांत मोठं दान कुणाचं, हे मला सांगता येत नाही. मात्र सगळ्यांच्या घरी लक्ष्मीबाई नसतात, आणि त्या असाव्यात अशी अपेक्षा ठेवणं हाही एक लोभच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की देणं नवरा-बायकोनं मिळून ठरवावं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार किंवा पेन्शन जमा झाल्यावर, मुलांना जवळ बसवून. मुलांनी हा आकडा ऐकला पाहिजे. आईवडील कर्जाचे हप्ते किती भरतात हे मुलांना पाठ असतं, देतात किती हे ठाऊक नसतं. आणि एक मर्यादा प्रभूनं स्वतः घालून दिली आहे. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून त्यांना उपाशी ठेवणाऱ्यांना त्यानं कडक शब्दांत फटकारलं. म्हाताऱ्या आईचं औषध थांबवून मंडळीत दिलेलं दान देवाला पोचत नाही. तसंच व्याजाचं कर्ज डोक्यावर असताना मोठं दान देऊ नये. आधी कर्ज फेडावं, देण्याची सवय तेवढ्यापुरती लहान रकमेवर चालू ठेवावी. सवय मात्र तोडू नये, कारण ‘सगळं फिटलं की देऊ’ म्हणणाऱ्याचं सगळं कधीच फिटत नाही.

किती द्यावं, असं हमखास विचारलं जातं. दशांश ही जुनी, चांगली रीत आहे. दहातला एक हिस्सा बाजूला काढणं हिशेबाला सोपं पडतं. पण तीस हजारांवर भागवणाऱ्याचा दशांश त्याच्या ताटातून निघतो आणि तीन लाख मिळवणाऱ्याचा दशांश त्याला जाणवतही नाही. मंदिरातल्या दानपेटीपाशी बसून येशूनं विधवेच्या दोन नाण्यांना सगळ्यांत मोठं दान म्हटलं, ते मागे काय उरलं हे पाहून. ज्यांची मिळकत वाढत चालली आहे त्यांच्यासाठी जॉन वेस्लीचं उदाहरण मला उपयोगी वाटतं. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्याची मिळकत वर्षाला 30 पौंड होती, तेव्हा तो 28 पौंडांत राहिला आणि 2 दिले. पुढे मिळकत 60 झाली, मग 90, मग 120. तो 28 पौंडांतच राहिला आणि वरचं देत गेला. आपल्याकडे महागाई आहे, मुलं आहेत, हे सगळं खरं. तरी पुढची पगारवाढ येईल तेव्हा तिचा निम्मा भाग खर्चात मिसळू न देता देण्याच्या बाजूला टाकून पाहा. न चाखलेल्या वाढीचा मोह कमी असतो.

ज्यांच्याकडे रोख थोडी आहे त्यांच्यासाठी मुठीची रीत आहे. मिझोरमच्या मंडळ्यांत तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. 1910 पासून तिथल्या बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ देवासाठी वेगळी काढतात, नंतर ते तांदूळ गोळा होतात आणि त्यांतून सेवाकार्य चालतं. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड उभा केला तो असाच घरोघरच्या मुठींतून. या रीतीची ताकद तिच्या रोजच्या वळणात आहे. वर्षातून एकदा दहा हजार देणारा माणूस वर्षातून एकदा लोभाशी झगडतो. रोज मूठ काढणारी बाई दिवसातून दोनदा झगडते आणि तिला ते कळतही नाही.

वस्तूंसाठी ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस योग्य आहेत. देवळालीत फौजी कुटुंबं आपल्या शेजारी राहतात. बदलीचा हुकूम आला की घरात काय न्यायचं आणि काय सोडायचं हे काळ्या ट्रंका ठरवतात. जे ट्रंकेत मावत नाही ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना जातं, आणि घर सोडताना वहिनी हसतमुख असतात. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, आपल्यालाही हुकूम आला आहे असं समजून कपाट उघडा. दोन वर्षं न वापरलेलं बाहेर काढा. देताना धुतलेलं, बटणं लावलेलं, स्वतः घालू शकू असं द्या. फाटकं देणं म्हणजे कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं.

दोन सापळ्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पहिला मोबाइलमधला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी शंभरात 93 जणांनी पैसे गमावले, आणि दर माणशी तोटा सरासरी दोन लाखांच्या घरात गेला. आपल्या तरुण मुलांना हा आकडा घरी बसून सांगा. गुंतवणूक वेगळी आणि झटपट दुपटीची हाव वेगळी. दुसरा सापळा मला अधिक दुखावतो, कारण तो देवाच्या नावानं लावला जातो. ‘इतके पेरा, देव शंभरपट देईल’ असं व्यासपीठावरून सांगून गरीब माणसाकडून मंगळसूत्रापर्यंत काढून घेतलं जातं. यात देणाऱ्याचा लोभ जागवून घेणाऱ्याचा लोभ भागवला जातो. ज्यानं गालिलात डोकं टेकायला जागा ठेवली नाही, त्याच्या नावानं लॉटरीचं तिकीट विकू नये. अशा ठिकाणी पैसे देऊ नका आणि घरच्यांनाही देऊ देऊ नका. जिथे पावती मिळते, वर्षाचा हिशेब मंडळीसमोर वाचला जातो, खजिनदाराला प्रश्न विचारता येतात, तिथे द्या. मी स्वतः खजिनदार होतो म्हणून सांगतो, प्रश्न विचारले गेले तर प्रामाणिक माणसाला आनंदच होतो.

आणि दिलेलं कुठवर पोचतं हे पाहायचं तर नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाताना कधी या नावाचा विचार करा. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकला शरणपूर ही वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथे आणली गेली. नफ्यासाठी माणसानं माणूस विकला होता, लोभाच्या रस्त्याचं ते शेवटचं टोक. ही मुलं इथे लिहायला-वाचायला आणि हातचे धंदे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मरण पावला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीची प्रार्थना या नाशिकच्या विद्यार्थ्यानं वाचली. मग तो आणि त्याचे सोबती ते शव महिनोन्महिने वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेले, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ते पुरलं गेलं तेव्हा जेकब तिथे होता. ज्याची एकदा किंमत ठरवली गेली होती, त्यानं कुठल्याही दरात न बसणारं काम केलं. शरणपूरसाठी दूरदेशी कुणी आपल्या चहासाखरेतून जी नाणी वाचवून पाठवली असतील, त्यांना हे कधी कळलंही नसेल.

मृत्युपत्राचा विषय टाळू नका. पूर्वी आपल्या समाजाला यात एक अडचण होती. 1925 च्या कायद्यातल्या कलम 118 मुळे ज्या ख्रिस्ती माणसाला पुतणे-भाचे किंवा त्याहून जवळचे नातलग आहेत, त्याला धर्मकार्यासाठी मालमत्ता ठेवायची तर मृत्युपत्र मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे. जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. आता तो अडसर नाही. जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि मुलींची नावं मुलांच्या शेजारी त्याच अक्षरांत लिहा. अविवाहित असताना मृत्युपत्र केलं असेल आणि नंतर लग्न झालं असेल तर ते रद्द होतं, नवं करावं लागतं. सगळं झाल्यावर एक छोटा भाग घराबाहेरच्या कुणासाठी तरी ठेवा. लेवीयात द्राक्षमळा झाडून सगळा तोडू नये, गळालेली फळं उचलू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत, अशी आज्ञा आहे. द्राक्षाची बाग पिकवणारे आमच्याकडचे शेतकरी जाणतात की वेलीवर सगळेच घड ठेवले तर एकही धड भरत नाही. विरळणी करताना जीव तुटतो, तरी कात्री चालवावी लागते.

आता सुरुवात कुठून? मुठीच्या तांदळाच्या डब्यापासून करा. आज संध्याकाळी भातासाठी तांदूळ धुण्याआधी एक मूठ त्यात टाका, आणि महिनाअखेरीला तो कुणाच्या घरी जाणार ते आत्ताच ठरवा. डबा ओट्यावर दिसेल असा ठेवा. पत्र्याचा असला तरी चालेल. फक्त त्याचं तोंड एवढं रुंद हवं, की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची भरलेली मूठ आत जाऊन उघडेल.